इन्सुलिनच्या जोडीने निघणारा दुसरा हार्मोन

माणसाच्या शरीरात साधारण ५ लिटर रक्त असतं. उपाशीपोटी त्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं जेमतेम ५ ग्रॅम. एवढ्याशा साठ्यात जेवणानंतर ६०-७० ग्रॅम कर्बोदकांची भर पडणार असते, आणि तरीही निरोगी माणसाची साखर जेवणानंतर दोन तासांनी मोजली तर ती १४० च्या आतच सापडते. याचं सगळं श्रेय आपण सवयीने इन्सुलिनला देतो. पण इन्सुलिनचं मुख्य काम साखर रक्तातून काढून पेशींमध्ये पोचवण्याचं. ते जावक सांभाळतं. आवक कोण सांभाळतं, हे मधुमेहाच्या चर्चेत क्वचितच कुणी विचारतं.

आवक दोन ठिकाणांहून होते. पहिलं ठिकाण जठर. जठर अन्न खाली आतड्यात सोडतं ते मिनिटाला साधारण १ ते ४ कॅलरी या वेगाने. एक ग्रॅम कर्बोदकांत ४ कॅलरी धरल्या तर नुसतं साखरपाणी घेतलं तरी तासाला १५ ग्रॅमपासून ६० ग्रॅमपर्यंत काहीही. हा चौपटीचा फरक निरोगी माणसांमध्येही आढळतो. जेवणानंतर साखर सुरुवातीला किती झपाट्याने चढते, यातला साधारण एक तृतीयांश फरक एकट्या जठराच्या वेगाने समजावता येतो. आवकीचं दुसरं ठिकाण यकृत. उपाशी असताना ते दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे, सुमारे २ मिलिग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडत असतं. ७० किलोच्या माणसात हे तासाला ८ ग्रॅमच्या वर जातं. ताटावर बसल्यावर ही गळती थांबायला हवी, कारण आता बाहेरून साखर येणार आहे. इन्सुलिन यकृताला आवरतं खरं, पण त्याच वेळी ग्लुकागॉन हा विरुद्ध बाजूचा हार्मोन वर राहिला तर यकृताला दोन परस्परविरोधी आदेश मिळतात. मधुमेहात नेमकं हेच होतं. जेवणानंतर ग्लुकागॉन खाली यायचा तो येत नाही, कधीकधी उलट चढतो.

जठराचा वेग कमी करणं, जेवणानंतरच्या ग्लुकागॉनला आवरणं आणि ‘आता पुरे’ हा निरोप मेंदूपर्यंत पोचवणं, ही तिन्ही कामं करणारा एक हार्मोन इन्सुलिनच्याच पेशीत, इन्सुलिनच्याच पुडीत भरलेला असतो आणि त्याच क्षणी बाहेर पडतो. तो म्हणजे अमायलिन. आतड्यातून येणारे जीएलपी-१सारखे हार्मोनही यातली काही कामं करतात, त्यामुळे सगळा भार एकट्या अमायलिनवर असतो असं नाही. तरी मधुमेहाबद्दल चार गोष्टी वाचलेल्या माणसालाही बहुधा हे नाव ऐकून माहीत नसतं. वजन कमी करणाऱ्या औषधांची नवी पिढी याच हार्मोनवर उभी राहते आहे म्हणून ते आता हळूहळू कानावर पडू लागलं आहे.

रचनेने तो लहान आहे. ३७ अमिनो आम्लांची साखळी, दुसऱ्या आणि सातव्या जागेवरच्या सिस्टीनांमध्ये गंधकाचा एक पूल, आणि शेपटाला एक अमाइड गट. हा गट काढून टाकला तर हार्मोनचं काम जवळजवळ थांबतं. पेशी तो थेट या आकारात बनवत नाही. १२व्या गुणसूत्रावरच्या जनुकावरून आधी ८९ अमिनो आम्लांची लांब साखळी तयार होते. तिचं टोक छाटलं की ६७ उरतात, आणि दोन्ही बाजू कापल्या की कामाचे ३७. कापणारी विकरं तीच, जी प्रोइन्सुलिन कापून इन्सुलिन बनवतात. बीटा पेशीवर, म्हणजे स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीवर, ताण आला की ही कापाकापी अर्धवट राहते आणि प्रोइन्सुलिनबरोबर अर्धकच्चं अमायलिनही रक्तात दिसू लागतं. पेशीतून बाहेर पडताना इन्सुलिनच्या साधारण १०० रेणूंमागे अमायलिनचा एक असं प्रमाण असतं. उपाशीपोटी रक्तात लिटरमागे सुमारे ५ पिकोमोल, जेवणानंतर १५ ते २५. इन्सुलिनचा बराचसा भाग यकृत पहिल्याच फेरीत काढून घेतं. अमायलिनची विल्हेवाट मुख्यतः मूत्रपिंडं लावतात, आणि तीही झटपट. रक्तातली निम्मी मात्रा पाव तासाच्या आत नाहीशी होते.

हा हार्मोन सापडला तो मात्र हार्मोन म्हणून नव्हे. १९०१ साली जॉन्स हॉपकिन्समध्ये युजीन ओपी यांनी मधुमेहाने दगावलेल्यांच्या स्वादुपिंडात, लँगरहान्सच्या बेटांमध्ये (हार्मोन बनवणाऱ्या पेशींच्या झुबक्यांमध्ये), काचेसारखा एकजिनसी पदार्थ साचलेला पाहिला. इन्सुलिनचा शोध तेव्हा वीस वर्षं दूर होता. पुढे तो पदार्थ अमायलॉइड, म्हणजे प्रथिनांच्या तंतूंचा साका, आहे हे ठरलं: काँगो रेड या रंगाने रंगवून ध्रुवित प्रकाशात पाहिलं की तो कच्च्या सफरचंदासारखा हिरवा चमकतो. पण तो कशाचा बनलेला आहे हे कळायला ८५ वर्षं गेली, कारण असे तंतू साध्या द्रावकांना दाद देत नाहीत आणि विरघळल्याशिवाय अमिनो आम्लांचा क्रम वाचता येत नाही. १९८६-८७ मध्ये उप्साला इथे पेर वेस्टरमार्क यांच्या गटाने आणि ऑक्सफर्डमध्ये गार्थ कूपर यांच्या गटाने हा क्रम स्वतंत्रपणे वाचला. म्हणजे आधी गाळ सापडला, मग त्या गाळाचा मूळ रेणू, आणि सगळ्यात शेवटी त्या रेणूचं काम. या उलट्या क्रमाचा परिणाम अजून पुसला गेलेला नाही. पाठ्यपुस्तकात अमायलिन बहुतेक वेळा विकृतिशास्त्राच्या प्रकरणात एका रंगीत चित्राखाली भेटतं. शरीरक्रियेच्या प्रकरणात त्याच्या वाट्याला एखादी ओळ येते.

कामाकडे वळू. अमायलिनला स्वतःचा असा वेगळा ग्राही (निरोप पकडणारा पेशीवरचा रिसेप्टर) नाही. कॅल्सिटोनिन या दुसऱ्या हार्मोनचा जो ग्राही आहे त्याच्या शेजारी रॅम्प नावाचं एक छोटं प्रथिन येऊन बसलं की तोच अमायलिनचा ग्राही होतो. रॅम्प तीन प्रकारची, म्हणून अमायलिनचे ग्राहीही तीन. औषध बनवणाऱ्यांसाठी हे मोठं डोकेदुखीचं प्रकरण आहे, कारण अमायलिनसारखा रेणू कॅल्सिटोनिनच्या ग्राहीलाही थोडाफार चिकटतोच. उलटंही खरं: सामन माशाचं कॅल्सिटोनिन माणसाच्या अमायलिन ग्राहीवर इतकं घट्ट बसतं की सहजी सुटत नाही, आणि प्रयोगशाळेत ते अमायलिनचा बदली खेळाडू म्हणून वापरलं जातं.

हे ग्राही दाटीने आहेत ते मेंदूच्या मागच्या, खालच्या भागात, एरिया पोस्ट्रेमा नावाच्या चिमुकल्या पट्टीत. मेंदूभर रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जो कडक पहारा असतो तो इथे ढिला आहे, त्यामुळे रक्तातल्या रेणूंना थेट आत हात घालता येतो. तिथून निरोप वर जातो आणि जेवण संपतं. उंदीरवर्गीय प्राण्यांत अमायलिन दिल्यावर जेवणांची संख्या फारशी बदलत नाही, प्रत्येक जेवण लहान होतं. त्याच पट्टीतून व्हेगस नसेमार्फत जठराचा वेग कमी होतो. आणि रक्तातली विषं ओळखून उलटी घडवणारी जागाही नेमकी हीच. म्हणून या गटातलं कुठलंही औषध घ्या, तृप्ती आणि मळमळ शेजारीशेजारी राहतात. मात्रा सावकाश वाढवली तर पहिली येते आणि दुसरी बहुधा टळते. घाईने वाढवली तर दोघी एकदमच येतात.

यात एक सुंदर सुरक्षा-व्यवस्था आहे. साखर खूप खाली गेली की जठरावरचा हा लगाम सुटतो. उंदरांवरच्या प्रयोगांत अमायलिन दिलेलं असतानाही रक्तशर्करा पडल्यावर जठर वेगाने रिकामं होताना दिसलं. ग्लुकागॉनचंही तसंच. अमायलिन त्याला जेवणानंतर आवरतं, पण साखर पडल्यावर ग्लुकागॉनला उसळी मारायची असते तेव्हा आडवं येत नाही. जिथे गरज नाही तिथे ब्रेक, जिथे गरज आहे तिथे मोकळीक. इतका समजूतदार नियंत्रक नाहीसा झाल्यावर काय होतं ते टाइप १ मधुमेहात दिसतं. बीटा पेशी नष्ट झाल्या की इन्सुलिनबरोबर अमायलिनही शून्यावर येतं. बाहेरून आपण फक्त इन्सुलिन भरून देतो. इन्सुलिनचं गणित अगदी तंतोतंत जुळवलेल्या माणसाचीही जेवणानंतरची साखर उंच उडी मारून मग धाडकन खाली येते, आणि तो स्वतःला दोष देत बसतो. बऱ्याचदा दोष मात्रेचा नसतो. जावकीचा माणूस कामावर आहे, आवकीच्या टेबलावर कुणीच नाही.

टाइप २ मध्ये चित्र वेगळं आणि जास्त गुंतागुंतीचं. लठ्ठपणात आणि आजाराच्या सुरुवातीला इन्सुलिन चढं असतं, म्हणून अमायलिनही चढं. वर्षं उलटतात, बीटा पेशी थकतात, तसं दोन्ही उतरतं. मधल्या काळात हा हार्मोन स्वतःच्याच पेशीच्या मुळावर उठतो. कुंपणच शेत खातं म्हणतात, तसा प्रकार.

मानवी अमायलिनला गुठळ्या होण्याची विलक्षण ओढ आहे. शुद्ध रेणू तटस्थ आम्लतेच्या पाण्यात ठेवला तर काही मिनिटांपासून काही तासांत त्याचे तंतू बनू लागतात. आधी काहीच घडत नाही असा शांत काळ, मग एक बीज तयार होतं, आणि त्यानंतर तंतू भराभर वाढतात. आधीच तयार झालेल्या तंतूचा बारीकसा तुकडा टाकला तर शांत काळ जवळजवळ नाहीसाच होतो. यावर काम करणारे या स्वभावाने हैराण असतात. कोरडी पूड थेट बफरमध्ये घातली तर तिच्यात आधीपासून असलेली बीजं सगळा प्रयोग बिघडवतात. म्हणून ती आधी फ्लोरिनयुक्त अल्कोहोलमध्ये विरघळवायची, बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळायची, पुन्हा सुकवायची आणि मग वापरायची. त्या अल्कोहोलचा अंश मागे राहिला तर तोच तंतू बनण्याचा वेग वाढवतो. नळी हलवली, हवेचा बुडबुडा राहिला, प्लास्टिक बदललं, तरी वेळ बदलते. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा भांडण बरेचदा रेणूबद्दल नसून नळीबद्दल असतं.

मग बीटा पेशीच्या पुडीत, जिथे याची तीव्रता प्रयोगशाळेतल्या नळीपेक्षा कितीतरी जास्त असते, तिथे तो गोठत कसा नाही? दोन गोष्टी त्याला धरून ठेवतात. पुडीच्या आतली आम्लता (पीएच, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ असते, आणि आम्लधर्मी वातावरणात १८व्या जागेवरच्या हिस्टिडीनवर धन प्रभार येऊन रेणू एकमेकांना थोडे दूर ढकलतात. दुसरं म्हणजे इन्सुलिन. पुडीच्या मध्यभागी जस्ताबरोबर इन्सुलिनचा स्फटिक असतो, अमायलिन त्याच्या भोवतालच्या मोकळ्या जागेत, आणि तिथलं विरघळलेलं इन्सुलिन त्याला जोड्या जमवू देत नाही. पुडी फुटून माल बाहेर पडला की आम्लता ७.४ होते आणि हे संरक्षण सैल पडतं. स्राव बेताचा असेल तर रक्त तो वाहून नेतं. स्राव वर्षानुवर्षं दुप्पट-तिप्पट असेल तर कुठेतरी बीज धरायला वेळ मिळतो.

टाइप २ मधुमेह असलेल्या बहुसंख्य लोकांच्या स्वादुपिंडात शवविच्छेदनात हा साका आढळतो. म्हणून तोच रोगाचं कारण, असं म्हणण्याचा मोह होतो. पण साका जुना, घट्ट आणि तसा निरुपद्रवी असू शकतो. आजचा बराचसा पुरावा सांगतो की घातक आहेत ते तंतू होण्याआधीचे लहान, तात्पुरते पुंजके. ते पेशीच्या पडद्याला इजा करतात, प्रथिनं घडवणाऱ्या यंत्रणेवर ताण आणतात, आणि बेटांमधल्या भक्षक पेशींना चिथावून इंटरल्यूकिन-१ बीटा हा दाह पेटवणारा रेणू बाहेर काढायला लावतात. सूक्ष्मदर्शकाखाली नजरेत भरतो तो गाळ. नुकसान करून गेलेले पुंजके तोवर उरलेलेच नसतात.

या वादात सगळ्यात बोलका साक्षीदार उंदीर आहे. उंदराचं अमायलिन माणसाच्या अमायलिनपेक्षा फक्त सहा जागी वेगळं आहे. त्यातले पाच फरक २० ते २९ या पट्ट्यात येतात आणि त्यातल्या तीन जागांवर, २५, २८ आणि २९, प्रोलीन बसलेलं असतं. प्रोलीन साखळीला असा बाक देतं की रेणू एकमेकांना लागून सपाट रचले जात नाहीत. उंदराच्या स्वादुपिंडात असा साका कधीच होत नाही. त्याच उंदरात मानवी अमायलिनचं जनुक घातलं तर साका होतो, बीटा पेशी मरतात, आणि बऱ्याच जातींमध्ये मधुमेह होतो. मांजराचं अमायलिन माणसासारखं गुठळ्या होणारं आहे. घरात पाळलेल्या लठ्ठ मांजरांना टाइप २ च्या जवळचा मधुमेह होतो, साक्यासकट. माणसांमध्ये २०व्या जागेवर सेरीनऐवजी ग्लायसीन असा एक बदल पूर्व आशियातल्या काही लोकांत आढळतो. त्याने रेणू जास्त वेगाने गोठतो आणि त्या लोकांत मधुमेह तुलनेने कमी वयात दिसतो. हे सगळं एकत्र ठेवलं तर माझं मत असं बनतं की अमायलिनने मधुमेह सुरू होत नाही, पण सुरू झालेला मधुमेह ते आणखी बिघडवतं. आधी इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं, स्राव वाढतो, मग पुंजके होतात, त्यातून बीटा पेशी कमी होतात, उरलेल्यांवर आणखी भार पडतो. सुरुवातीच्या काही वर्षांत वजन उतरवून बीटा पेशींना उसंत दिली तर इतका फरक पडतो आणि पंधरा वर्षांनी तोच उपाय तोकडा पडतो, याचं एक कारण मला इथे दिसतं. बेटांमधला साका विरघळवणारं औषध आज वापरात नाही.

औषध मात्र उंदरावरूनच आलं. मानवी अमायलिन बाटलीत भरून ठेवता येत नाही, ते बाटलीतच गोठतं. म्हणून मानवी साखळीत उंदराची ती तीन प्रोलीनं, त्याच तीन जागी, बसवली. हा रेणू म्हणजे प्रॅमलिंटाइड. मार्च २००५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, नाव सिमलिन. इन्सुलिननंतर टाइप १ साठी मान्यता मिळालेलं हे पहिलं वेगळ्या जातीचं औषध.

ते वापरण्याची रीत पाहिली की अमायलिन नेमकं काय करतं ते कुठल्याही आकृतीपेक्षा स्पष्ट कळतं. टाइप १ मध्ये सुरुवात मुख्य जेवणाच्या लगेच आधी १५ मायक्रोग्रॅमने. मळमळ किमान तीन दिवस नसेल तरच पुढची १५ ची पायरी, आणि असं करत ३० ते ६० पर्यंत. टाइप २ मध्ये ६० ने सुरू करून १२०. जेवणात किमान २५० कॅलरी किंवा ३० ग्रॅम कर्बोदकं असतील तरच सुई घ्यायची. जेवण टाळलं तर औषधही टाळायचं. आणि पहिल्या दिवसापासून जेवणाआधीचं इन्सुलिन निम्म्यावर आणायचं. ही शेवटची पायरी चुकली की काय होतं ते उघड आहे. झटपट काम करणारं इन्सुलिन तास-दीड तासात ऐन भरात येतं, जेवण अजून जठरातच बसलेलं असतं. जावक पूर्ण वेगात, आवक बंद. साखर धोकादायक पातळीपर्यंत पडते, साधारण पहिल्या तीन तासांत. औषधाच्या माहितीपत्रकावर याचा ठळक चौकटीतला इशारा आहे. त्यात मळमळीमुळे माणसाने ताट अर्धं टाकलं तर अडचण दुप्पट. ज्यांना साखर पडल्याची लक्षणं जाणवत नाहीत आणि ज्यांचं जठर मधुमेहाने आधीच मंदावलेलं आहे, त्यांना हे औषध देतच नाहीत. तातडीने गुण यावा अशी तोंडाने घ्यायची दुसरी गोळी, उदाहरणार्थ वेदनाशामक, सुईच्या एक तास आधी किंवा दोन तास नंतर घ्यायची, नाहीतर ती जठरातच रेंगाळते.

बारीकसारीक गोष्टीही तितक्याच महत्त्वाच्या. सुई पोटावर किंवा मांडीवर. दंडावर नाही, कारण तिथून शोषण बेभरवशाचं होतं. इन्सुलिनच्या जागेपासून किमान दोन इंच दूर. एका सिरिंजमध्ये दोन्ही मिसळायचं नाही: प्रॅमलिंटाइडचं द्रावण आम्लधर्मी, पीएच साधारण ४, आणि बहुतेक इन्सुलिनं ७ च्या वर. कुपीतून औषध घ्यायचे तेव्हा आणखी एक सापळा होता. कुपीत मिलिलिटरला ०.६ मिलिग्रॅम, आणि हातात सिरिंज १०० युनिटची इन्सुलिनची. म्हणजे १५ मायक्रोग्रॅमसाठी अडीच युनिटची खूण, ६० साठी दहा. ‘पंधरा’ ऐकून पंधरा युनिटच्या खुणेपर्यंत ओढलं तर सहापट औषध आत जातं. पेन आल्यावर ही चूक बरीच कमी झाली.

इतकं करून मिळायचं काय? एचबीए१सी मध्ये ०.३ ते ०.६ ची घट आणि एक-दीड किलो वजन. तीन महिन्यांच्या सरासरीकडे पाहणाऱ्याला हे क्षुल्लक वाटतं. जेवणानंतरच्या आलेखाकडे पाहणाऱ्याला वाटत नाही, कारण उंच उड्या सपाट होतात. पण २००५ मध्ये सतत साखर मोजणारे सेन्सर बहुतेकांच्या दंडावर नव्हते, तो आलेख कुणी पाहतच नव्हतं. दिवसाला चार सुया घेणाऱ्याला आणखी तीन सुया सांगायच्या, तेही डोळ्यांना न दिसणाऱ्या फायद्यासाठी. प्रॅमलिंटाइडच्याच कंपनीच्या एक्झेनाटाइडला, जीएलपी-१सारख्या औषधाला, एका महिन्याने मान्यता मिळाली आणि सगळं लक्ष जीएलपी-१ कडे वळलं. प्रॅमलिंटाइड लेप्टिन या भूक आवरणाऱ्या हार्मोनच्या एका रूपाबरोबर लठ्ठपणासाठी देऊन पाहिलं, तो प्रयोग २०११ मध्ये थांबला. माझ्या मते औषध कमी पडलं नाही, त्याचा पल्ला कमी पडला. शरीरात निम्मं व्हायला त्याला पाऊण तास लागतो. भूक दिवसभर असते.

पल्ला वाढवला कॅग्रिलिंटाइडने. नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने अमायलिनच्या साखळीला मेदाम्लाची शेपटी जोडली. ती रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटते आणि औषध आठवडाभर टिकतं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला ४.५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांचं वजन २६ आठवड्यांत १०.८ टक्के उतरलं, नुसत्या दिखाऊ सुईने ३ टक्के. मग ते जीएलपी-१ गटातल्या सेमाग्लुटाइडबरोबर एकत्र केलं. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मधुमेह नसलेल्या ३४१७ लोकांवरच्या ६८ आठवड्यांच्या चाचणीत जोडीने २०.४ टक्के, एकट्या सेमाग्लुटाइडने १४.९ आणि एकट्या कॅग्रिलिंटाइडने ११.५ टक्के घट झाली. मधुमेह असलेल्यांच्या वेगळ्या चाचणीत जोडीचा आकडा १३.७ वर आला; मधुमेहात वजन नेहमीच हट्टी असतं.

बाजाराची अपेक्षा २५ टक्क्यांची होती म्हणून मधुमेह नसलेल्यांच्या चाचणीचा निकाल डिसेंबर २०२४ मध्ये पहिल्यांदा जाहीर झाला त्या दिवशी कंपनीचे शेअर कोसळले. माझं लक्ष मात्र त्याच चाचणीतल्या दुसऱ्याच आकड्यावर जातं. मात्रा दर चार आठवड्यांनी वाढवत, ०.२५ पासून २.४ मिलिग्रॅमपर्यंत न्यायची होती, पण सोसत नसेल तर मध्येच थांबायची मुभा होती. सर्वोच्च मात्रेवर पोचले जोडीतले ५७ टक्के, एकट्या सेमाग्लुटाइडचे ७० टक्के आणि एकट्या कॅग्रिलिंटाइडचे ८२ टक्क्यांहून जास्त. पोटाच्या तक्रारी जोडीत जवळजवळ ८० टक्क्यांना झाल्या, दिखाऊ सुईत ४० टक्क्यांना. म्हणजे एकटं अमायलिन पोटाला जास्त सोसवतं, निदान या मात्रेला. जीएलपी-१ ने हैराण होऊन औषध सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्यासाठी ११ टक्के मिळणं, तेही दिवसभर उमासे न येता, हा मला विक्रमी २० टक्क्यांपेक्षा जास्त कामाचा आकडा वाटतो. लिली कंपनीचं एलोरालिंटाइड अमायलिन ग्राहीला जास्त नेमकेपणाने पकडण्यासाठी घडवलेलं आहे. दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ४८ आठवड्यांत, मात्रेनुसार, ९.५ ते २० टक्के घट दिसली. झीलंड फार्माचं पेट्रेलिंटाइड तटस्थ आम्लतेतही गोठू नये अशा बेताने रचलेलं आहे. १९०१ सालच्या गाळाचं भय अजून प्रत्येक नव्या रेणूच्या आराखड्यात आहे.

लठ्ठ माणसात अमायलिन आधीच चढं असतं, मग वरून आणखी देऊन उपयोग कसा, अशी शंका घेतली जाते आणि ती रास्त आहे. लेप्टिनच्या बाबतीत ती खरी ठरली होती: लठ्ठपणात लेप्टिन भरपूर असतं आणि वरून दिलेलं वाया जातं. अमायलिनच्या ग्राहींनी तशी पाठ फिरवलेली दिसत नाही. औषधाची पातळी दिवसरात्र टिकून राहते आणि वजन उतरतं, हे चाचण्यांनी दाखवलं आहे.

‘माझं अमायलिन तपासून घेऊ का’ याचं उत्तर नाही असंच आहे. ही नेहमीची तपासणी नाही. रक्त थंड ठेवावं लागतं, नळीत प्रथिनं तोडणाऱ्या विकरांना रोखणारं रसायन लागतं, आणि रेणू नळीच्या भिंतींना चिकटून बसतो. शिवाय काही चाचण्या अर्धकच्च्या अमायलिनलाही मोजतात. बीटा पेशी किती उरल्या याचा अंदाज हवा असेल तर सी-पेप्टाइड पुरेसं आहे. तेही त्याच पुडीतून निघतं, आणि ते शून्याजवळ असेल तर अमायलिनही तिथेच असणार. ऑनलाइन ‘संशोधनासाठी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅग्रिलिंटाइडच्या पुडीपासून दूर राहावं हेही सांगायला हवं. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅमची गल्लत हजारपटीची असते. आणि चुकीच्या पाण्यात विरघळवलेला, जोरात हलवलेला किंवा उष्णतेत राहिलेला असा रेणू गढूळ वा जेलीसारखा होऊ शकतो. कधी तो दिसायला स्वच्छच राहतो आणि काम मात्र करत नाही, तेव्हा माणूस मात्रा वाढवत जातो.

टाइप १ साठीची गोष्ट वजनाच्या गदारोळात मागे पडली आहे, पण थांबलेली नाही. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या गटाने दोन पंपांची कृत्रिम स्वादुपिंड व्यवस्था करून पाहिली. सेन्सर साखर मोजतो, एक पंप झटपट इन्सुलिन सोडतो आणि दुसरा त्याच्याशी ठरलेल्या प्रमाणात, एका युनिटमागे ६ मायक्रोग्रॅम, प्रॅमलिंटाइड. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या २४ तासांच्या अभ्यासात साखर योग्य मर्यादेत राहण्याचा वेळ ७४ वरून ८४ टक्क्यांवर गेला. अडचण यंत्राची होती: दोन टाक्या, दोन नळ्या, पोटावर दोन सुया, कारण दोन द्रावणांची आम्लता जुळत नाही. फ्रान्सच्या अडोसिया कंपनीने ही गाठ दुसऱ्या टोकाने सोडवायला घेतली. प्रॅमलिंटाइडला तटस्थ द्रावणात आणण्याऐवजी आम्लधर्मी द्रावणात विरघळून राहणारं इन्सुलिन निवडलं, २१व्या जागेवर ग्लायसीन बसवलेलं, आणि दोन्ही एका कुपीत एकत्र केली.